हरीण कोणाचं? इंग्लंडच्या रानात पायी काढलेला माग



मागच्या पंधरवड्यात हरभऱ्याचा फोटो टाकला होता. रोह्यांनी एका रात्रीत खुडून नेलेल्या पट्ट्याचा. त्यावर बऱ्याच जणांनी आपापलं दुखणं सांगितलं, आणि एका कृषी सहायक मित्रानं विचारलं, "दादा, तुम्ही इंग्लंडला लेकीकडं जाऊन आलात, तिथले शेतकरी असल्या जनावरांचं काय करतात?" दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो, जमेना. तिथं आज जे चाललंय ते समजायचं तर साडेनऊशे वर्षं मागं जावं लागतं. म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

हळद शिजवून, वाळवून, बाजारात घातली आणि एप्रिलच्या शेवटी गेलो होतो. पेरणीच्या आत परत. लेक-जावई हॅम्पशायर परगण्यात राहतात, इंग्लंडच्या दक्षिणेला. त्यांच्या शेजारी एक साठीपुढचा गृहस्थ आहे. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला पहाटे पायी रानात न्यायचं, हरणाच्या मागावर, हा त्याचा धंदा. त्याला तिकडं स्टॉकिंग म्हणतात. पाहुणा बंदूक घेऊन असतो, पण कुठलं जनावर मारायचं, मुळात मारायचं की नाही, हे सगळं वाटाड्या ठरवतो. घोडे, कुत्री आणि लाल कोट घातलेले साहेब आपण चित्रात बघतो ती वेगळी गोष्ट. ती हंटिंग. कुत्र्यांची ती शिकार 2004 च्या कायद्यानं बंद झाली. स्टॉकिंग म्हणजे गुपचूप, वाऱ्याच्या विरुद्ध, चालत जाणं.

एका दिवशी त्याच्याकडं पाहुणा नव्हता, तो स्वतःच जाणार होता. जावयाकरवी विचारलं, मी मागं मागं येऊ का? त्यानं उलट विचारलं, आवाज न करता चालता येतं का? म्हणलं, चाळीस वर्षं रात्रीची जागल करतोय, सांगा त्याला.

चार वाजता निघालो. जावई गाडीत झोपला. तिघं झालो की आवाज वाढतो, म्हणून वाटाड्यानं दोघंच ठरवले होते. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, आणि रानात तोंड उघडायचंच नव्हतं, त्यामुळं काही अडलं नाही. मे महिन्यात तिथं सव्वापाचच्या आसपास सूर्य उगवतो. कायद्यानं सूर्योदयाआधी एक तास आणि सूर्यास्तानंतर एक तास एवढीच सवड आहे. मधल्या रात्रीत खास परवानगीशिवाय हरणावर गोळी झाडता येत नाही.

बांधाशी आल्यावर त्यानं खिशातून छोटी बाटली काढून दाबली. पांढरी भुकटी उडाली. वारा बघत होता. मला हसू आलं. उफणायला उभं राहताना आपण मूठभर भुसा सोडून बघतो, तेच की. मग वारा तोंडावर घेत झाडीच्या कडेकडेनं निघालो. पाच पावलं टाकायची, थांबायचं, दुर्बीण लावायची. पुन्हा पाच पावलं. तीनशे पावलं जायला पाऊण तास लागला असेल. ओल्या पाचोळ्यावर तो टाच आधी न टेकवता पाय असा ठेवायचा की माझ्यासारख्या जागल्यालाही लाज वाटावी.

झाडी संपली आणि गहू लागला. हिवाळ्याआधी पेरलेला, गुडघ्याच्या वर आलेला, अंधारातही काळाभोर दिसणारा. त्या गव्हात अकरा हरणं उभी. फॅलो जातीची, चितळासारखी ठिपकेवाली. मी मोजली. सगळ्या माद्या, पोटं सुटलेल्या. आमच्यापासून शंभर पावलांवर निवांत गहू खात होत्या. माझं काळीज शेतकऱ्याचं, ते लगेच त्या गव्हाच्या मालकाकडं गेलं. मी वाटाड्याकडं बघितलं. खांद्याला रायफल, समोर चरणारा कळप. त्यानं फक्त मान हलवली आणि आम्ही लांबून वळसा घेतला, त्यांना कळूही न देता.

त्यानं हात का लावला नाही, हे दुपारी जावयाला मधे बसवून समजून घेतलं. पुढं महिनाभर जावयानं मला पुस्तकातलं वाचून दाखवलं, दोन-चार ठिकाणी नेलं. ते सांगतो.

1066 साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, लढाई जिंकली आणि इंग्लंडचा राजा झाला. त्याला शिकारीचं वेड. 1079 च्या सुमारास त्यानं याच हॅम्पशायरमधला मोठा मुलूख स्वतःच्या शिकारीसाठी राखला. त्याचं नाव न्यू फॉरेस्ट. एवढी शतकं लोटली तरी नाव 'नवं रान'च आहे. आता इथं एक समजून घ्या. त्या काळी फॉरेस्ट म्हणजे झाडी नव्हे. जिथं राजाचा शिकारीचा कायदा चालतो तो मुलूख म्हणजे फॉरेस्ट. त्यात गावं येत, माळ येत, लोकांची शेतंही येत. जमीन तुमची असली तरी तिच्यावर फिरणारं हरीण राजाचं. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढायचे असा विल्यमचा हुकूम होता, असं त्याच काळच्या बखरीत लिहिलेलं आहे. आणि नुसतं मारणंच नव्हे. हरणाला अडेल असं उंच कुंपण शेताला घालायची बंदी. विणीच्या दिवसांत, जूनच्या मध्यापासून पुढं महिनाभर, रानात गुरं सोडायची बंदी, हरणीला त्रास नको म्हणून.

कुत्र्याचं तर विचारूच नका. रानात राहणाऱ्याच्या मोठ्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटून टाकत, म्हणजे ते हरणामागं पळणार नाही. लिंडहर्स्ट नावाच्या गावात रान-पंचांची जुनी कचेरी आहे. व्हर्डरर म्हणतात त्यांना, आणि ती कचेरी आजही भरते, गुराढोरांच्या चराईचे प्रश्न ऐकते. तिथं घोड्याची एक मोठी लोखंडी रिकीब जपून ठेवलेली आहे. सांगतात असं की त्या रिकिबीतून जे कुत्रं पार जाईल एवढं लहान असेल, त्याची नखं शाबूत राहायची. रिकीब विल्यमच्या काळाइतकी जुनी नाही, पण नखं छाटायचा नियम मात्र खरा, कागदोपत्री आहे. राखणीचं कुत्रं पायानं अधू करून शेतकऱ्याला सांगायचं, कर आता राखण!

विल्यमचा मुलगा, तोही विल्यमच, 1100 साली याच रानात शिकार करताना बाण लागून मेला. अपघात की घात, यावर अजून वाद घालतात. लोकांनी काय म्हणलं असेल ते मी सांगायला नको.

पुढं सव्वाशे वर्षांत राजे रानाच्या हद्दी वाढवतच गेले. शेवटी सरदार उठले. 1215 ची मोठी सनद, मॅग्ना कार्टा, आपल्या मुलांच्या पुस्तकात असते. तिची धाकटी बहीण मात्र फारशी कुणाला माहीत नाही. 1217 ची रानाची सनद. राजा तेव्हा दहा वर्षांचं पोर होता, कारभारी दुसरे. मला ती सनद शेतकऱ्याच्या जास्त जवळची वाटली. तिच्यात लिहिलं की इथून पुढं हरणापायी कुणाचा जीव जाणार नाही की हातपाय तोडले जाणार नाहीत. दंड होईल, आणि दंड भरायची ऐपत नसेल तर एक वर्ष एक दिवस कैद. नखं न छाटलेलं कुत्रं सापडलं तर तीन शिलिंग दंड, आणि त्यापुढं एक वाक्य आहे: यापुढं कुत्र्यासाठी कुणाचा बैल धरून नेऊ नये. ते वाक्य जावयानं वाचलं तेव्हा मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. म्हणजे आधी नेत होते! आठशे वर्षांपूर्वीचा कुणीतरी आपल्यासारखा, कुत्र्यापायी बैल गेलेला, पेरणी तोंडावर आलेली. त्याचं नाव कुठंच नाही, पण त्याचा बैल सनदेत आहे.

त्याच सनदेत अजून एक मजेचं कलम आहे. एखादा सरदार किंवा धर्मगुरू राजाकडं जाताना रानातून चालला असेल, तर त्यानं एक-दोन जनावरं मारावीत, पण रानाच्या रखवालदाराच्या देखत. रखवालदार जवळ नसेल तर शिंग फुंकावं, म्हणजे चोरून मारलं असं दिसणार नाही. मला तर आजच्या वाटाड्याचं मूळ यातच दिसतं. पाहुणा कितीही मोठा असो, रानाची जबाबदारी असलेला माणूस शेजारी उभा पाहिजे.

आता याच्या उलटी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी लिहितो असं म्हणाल. इंग्लंडच्या मातीतली मूळची हरणं दोनच, मोठं सांबराएवढं रेड आणि लहान, आपल्या शेळीएवढं रो. फॅलो बाहेरून आणलेलं. चौदाव्या शतकात न्यायाधीशांनी ठरवलं की रो हे राजाच्या मानाच्या शिकारीतलं जनावर नाही, ते इतर हरणांना हुसकावून लावतं. झालं. त्याच्यावरचं राजाचं छत्र गेलं, रानंही तुटत गेली, आणि अठरावं शतक संपेपर्यंत दक्षिण इंग्लंडातून रो जवळपास नाहीसं झालं. 1800 साली डॉर्सेट परगण्यात मिल्टन ॲबी इथल्या जमीनदारानं पुन्हा आणून सोडलं, तिथून ते पसरलं. म्हणजे राजाचं असलेलं हरीण शेतकऱ्याला खात राहिलं आणि कुणाचंच नसलेलं हरीण संपून गेलं.

1217 नंतर सगळं गोड झालं असं नाही. 1723 साली संसदेनं काळा कायदा केला. नावानंच काळा, कारण विंडसर आणि वॉल्थमच्या बाजूला लोक तोंडाला काजळी फासून रात्रीची हरणं मारत होते, जमीनदारांचे तलाव फोडत होते. त्यांना आवरायला केलेल्या या एका कायद्यात पन्नासच्या वर गुन्ह्यांना फाशी. हत्यार घेऊन, तोंड काळं करून हरणाच्या रानात नुसतं सापडलं तरी फास. हा कायदा शंभर वर्षं चालला, 1823 ला त्यातला बराचसा मोडीत निघाला. 1217 ला जीव वाचला होता, पाचशे वर्षांनी पुन्हा गेला.

मग गंमत अशी झाली की राजालाच हरणाची अडचण व्हायला लागली. आरमाराला ओकचं लाकूड पाहिजे होतं आणि हरणं रोपं खात होती. 1851 साली न्यू फॉरेस्टसाठी कायदाच केला: दोन वर्षांत हरणं काढून टाकायची, आणि त्या बदल्यात सरकारनं दहा हजार एकर रान कुंपण घालून झाडांसाठी घ्यायचं. ज्या रानात हरणासाठी माणसाचे डोळे काढले, तिथं लाकडासाठी हरणच काढायला निघाले. अर्थात सगळी गेली नाहीत. हरणं कायदा वाचत नाहीत.

कुळांचं काय? तिथं मोठ्या जमिनी जमीनदारांच्या आणि कसणारा कूळ. 1880 ला कुळाला हक्क मिळाला, पण सशाचा. स्वतःच्या शेतातला ससा मारायला परवानगी लागणार नाही एवढंच. हरणाचं नाव त्यात नव्हतं. तिथल्या कायद्यात मोकळं हरीण जिवंत असेपर्यंत कुणाच्याच मालकीचं नसतं, पण मारायचा हक्क जमिनीच्या मालकाचा. आजही कित्येक करारांत मालक तो हक्क स्वतःकडं ठेवतो. 1986 च्या कायद्यानं एवढं झालं, की मारायचा हक्क मालकाकडं आणि कुळाला परवानगी नाही, अशा वेळी झालेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई मालकाकडून मागता येते. सरकार मात्र हरणाच्या नुकसानीचा एक पैसाही देत नाही. आपल्याकडं निदान पंचनामा तरी आहे. तो कधी होतो आणि त्याचे किती हातात पडतात हा वेगळा लेख होईल.

विसाव्या शतकात दोन महायुद्धं झाली. जमीनदारांच्या हरीणबागांची कुंपणं पडली, फॅलो मोकळी झाली. बेडफर्डच्या ड्यूकनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वोबर्नच्या बागेत चीनमधून मुंटजॅक आणलं होतं. आपल्या भेकराचं ते चुलत भावंडं, तसंच कुत्र्यासारखं भुंकतं. तेही सुटलं आणि पसरलं. त्याला विणीचा हंगामच नाही. सात महिन्यांनी पिल्लू, आणि पिल्लू झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा गाभण. मग शेतकरी आणि जंगलवाले काय करत? पाच-पंचवीस जण जमायचे, हाका घालायचा, आणि समोरून पळणाऱ्या हरणांवर छऱ्याच्या बंदुका झाडायच्या. छऱ्यानं हरीण जागेवर मरत नाही. पोटात, पायात छरे घेऊन झाडीत जातं आणि चार दिवसांनी सडून मरतं. मादी मेली की पाडस उपाशी. सातशे-आठशे वर्षं हात बांधलेला माणूस हात सुटल्यावर जसा वागेल तसं ते चाललं होतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. तार लावून रानडुकराचं काय होतं ते आपण आपल्या शिवारात बघितलंय.

याला लोकच विटले, आणि 1963 साली इंग्लंड आणि वेल्ससाठी हरणांचा कायदा झाला. पायी माग काढायची आजची पद्धत या कायद्यानं घडवली, जुन्या राजांनी नाही. त्यानं पहिल्यांदा हरणाला बंद हंगाम दिला. रो नर 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर मारता येतो, रो मादी 1 नोव्हेंबर ते 31 मार्च. फॅलो मादीही 1 नोव्हेंबर ते 31 मार्चच. बंद हंगाम राजाचा खेळ टिकवायला नव्हे, तर पोटातलं किंवा अंगावर पिणारं पाडस मागं राहू नये म्हणून. रायफल किती जाडीची आणि किती जोराची हे ठरवून दिलं, म्हणजे जनावर एका गोळीत पडावं. 1991 ला हे सगळं एका नव्या कायद्यात आणलं. मुंटजॅकला मात्र बंद हंगाम नाही, त्याला विणीचा हंगामच नसल्यानं कुठला बंद ठेवणार? म्हणून चांगला वाटाड्या मुंटजॅकची मादी मारायची तर उघड गाभण दिसणारी मारतो, म्हणजे बाहेर दुधावरचं पिल्लू नसणार. ऐकायला वाईट वाटतं. मलाही वाटलं. पण हिशोब बरोबर आहे.

आता पुन्हा त्या पहाटेकडं येतो.

उजाडताना टेकाडावर एक रो नर दिसला. सहा टोकांची शिंगं, तांबूस अंग. वाटाड्यानं तीन काठ्यांची तिवई उभी केली, रायफल टेकवली, दुर्बिणीतून बघत राहिला. मी श्वास धरून. मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यानं रायफल खाली घेतली. हरणाच्या मागं फक्त आभाळ होतं. त्या रायफलीची गोळी चुकली किंवा आरपार गेली तर कोसभर सहज जाते, म्हणून मागं माती असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. टेकाडापलीकडं रस्ता होता. हरीण आमच्याकडं बघून दोनदा भुंकलं आणि गेलं.

सहाच्या सुमारास दुसरं मिळालं. वर्षाचं पोर, सुयांएवढी शिंगं. या दिवसांत मोठे नर अशा पोरांना हद्दीतून हाकलतात, ती भटकत नव्या लागवडीत येतात आणि शिंगं घासून रोपं सोलतात. मागं बांध होता. एकच आवाज झाला आणि ते जागेवर बसलं. वाटाड्या लगेच धावला नाही. दहा मिनिटं उभाच राहिला. मग जाऊन डोळ्याला काठी लावून बघितली आणि तिथंच पोट साफ केलं. आतडी, काळीज, फुप्फुस हातात घेऊन एकेक गाठ दाबून बघितली, क्षयाची आहे का म्हणून. तिकडं गाईगुरांत क्षयाचा मोठा प्रश्न आहे, तो हरणांतही सापडतो. वही काढून तारीख, जागा, नर, वजन लिहिलं. मांस विकायला जातं. मी त्यातलं खाल्लं नाही, पण त्याच्या हातातली सफाई बघत बसलो. कसायाची नव्हती, सुइणीची वाटली.

इथं एक स्पष्ट लिहितो. आपल्याकडं 1972 चा वन्यजीव कायदा आहे. काळविटाला, चितळाला हात लावणं गुन्हा आहे आणि हे वाचून कुणी बंदूक शोधू नये. आपली हरणं तिथल्यासारखी उतू गेलेली नाहीत. तिथं लांडगा कधीच संपला, आणि हिवाळाभर शेतात हिरवा गहू उभा. साऱ्या ब्रिटनमध्ये मिळून वीस लाखांच्या घरात हरणं असतील असा अंदाज सांगतात. माझं कौतुक बंदुकीचं नाही. कुठलं जनावर, कधी, कुणी, कशासाठी, याचा जाब द्यायला नावागावाचा एक माणूस त्या शेताला बांधलेला आहे, याचं आहे.

परत येताना फाटकाशी त्या गव्हाचा शेतकरी उभा होता. कूळच, माझ्या वयाचा. जावई जागा होऊन आला होता म्हणून बोलणं कळलं. त्यानं विचारलं, किती? वाटाड्या म्हणाला, एक. शेतकरी म्हणाला, काल संध्याकाळी माझ्या गव्हात अकरा होती. वाटाड्या म्हणाला, आत्ता पण अकराच आहेत, सगळ्या गाभण, पुढच्या महिन्यात विणार, नोव्हेंबरात बघू. मोठं नुकसान दाखवता आलं तर बंद हंगामातही शेतात मारायची वाट कायद्यात आहे. ती दोघांनाही माहीत होती, आणि वाटाड्याला त्या वाटेनं जायचं नव्हतं. शेतकरी म्हणाला, ऑगस्टात हा गहू कापून होईल, नोव्हेंबरात नवा उगवलेला असेल, तोही त्याच खातील. वाटाड्या गप्प. त्या शेतकऱ्याच्या तोंडावर जे होतं ते मला भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

मग त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, तुमच्याकडं काय करता?

मी सांगितलं, माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. त्यानं विचारलं, किती वाजेपर्यंत?

म्हणलं, उजाडेपर्यंत.